मांडवीचे डॉक्टर, मुंबईचे नगरपिते

धोबीतलावला, मेट्रो चित्रपटगृहासमोर एक पुतळा उभा आहे. लग्नाच्या खरेदीसाठी वसईहून, उत्तनहून, ठाण्याहून काळबादेवीकडे निघालेली आमची कुटुंबे मरीन लाइन्स स्थानकावर उतरतात आणि रस्ता ओलांडण्याच्या गडबडीत त्या पुतळ्याच्या अंगावरून पुढे जातात. हा पुतळा कुणाचा, असे विचारले तर दहापैकी नऊ जण खांदे उडवतील. दहावा एखाद्या पारशी दानशूराचे नाव घेईल. पुतळा पारशाचा नाही. तो गोव्यातील बार्देस महालातल्या हडफडे गावी १८५६ साली जन्मलेल्या एका कॅथलिक डॉक्टरांचा आहे. त्यांचे नाव आकासियो गाब्रिएल व्हिएगश. मुंबईत त्यांना डॉ. व्हिएगस म्हणत, आणि आम्हीही तसेच म्हणणार आहोत.

शहराची आखणी कशी करावी आणि त्या आखणीत माणसांच्या वाड्यांचे, गावठाणांचे काय व्हावे, हा प्रश्न आमच्या समाजाला आज छळतो आहे. रस्तारुंदीची रेघ कुणाच्या ओसरीवरून जाते, कुणाचा क्रूस ‘अनधिकृत’ ठरतो, कुणाची विहीर नकाशावरून पुसली जाते. या साऱ्याची सुरुवात कुठे झाली याचा शोध घेऊ लागले की पावले १८९६ सालच्या मांडवीकडे वळतात, आणि तिथे हे डॉक्टर भेटतात. म्हणून हा लेखप्रपंच.

आज आपण ‘नगरसेवक’ म्हणतो. जुन्या मुंबईत त्यांना ‘नगरपिता’ म्हणत. पिता सेवक कधी झाला आणि सेवक पुन्हा मालक कधी झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो इथे नको. १८८८ च्या मुंबई नगरपालिका कायद्याने या शहराला ७२ सभासदांचे मंडळ दिले. त्यांपैकी ३६ जण वॉर्डांतून निवडून येत, १६ जणांना जस्टिस ऑफ द पीस निवडत, प्रत्येकी दोघांना विद्यापीठाचे फेलो आणि व्यापारी चेंबर पाठवत आणि उरलेल्या १६ जणांची नेमणूक सरकार करी. तिजोरीच्या किल्ल्या बारा जणांच्या स्थायी समितीकडे असत आणि अंमलबजावणी सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे. मतदार कोण? मुख्यतः घरपट्टी आणि गाडीपट्टी भरणारे. चाळीतल्या खोलीचे भाडे भरणाऱ्याला मत नव्हते. दहा रुपये मासिक भाडे भरणाऱ्यापर्यंत मताधिकार पोहोचायला १९२२ साल उजाडावे लागले. तेव्हा हे मंडळ लोकनियुक्त होते हे खरे. परंतु ते घरमालकांचे मंडळ होते हेही तितकेच खरे. नव्या इमारतीत दोन चाळींमधले अंतर किती असावे, अंगण किती सोडावे, असे प्रश्न आले की सभागृहातील अनेक सन्माननीय सभासदांच्या कपाळाला आठ्या पडत, कारण सोडलेल्या अंगणाचे भाडे येत नाही.

अशा सभागृहात, त्यातही स्थायी समितीत, डॉ. व्हिएगस बसत. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि त्यांचा व्यवसाय मांडवीत चाले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी गच्च भरलेला भाग. खाली गोदामे, वर चाळी, मध्ये अंधारे जिने. दोन चाळींच्या मागच्या भिंतींमध्ये जेमतेम एक माणूस आडवा शिरेल एवढी गल्ली असे. ती माणसांसाठी नव्हतीच, भंग्यासाठी होती. वरच्या मजल्यांची मोरी आणि शौचकूप त्या गल्लीत सुटत. १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी मुंबईत आले आणि घरोघर नळ खळखळू लागले. पण आलेले पाणी बाहेर जाणार कुठून, याचा विचार त्या मानाने झालाच नव्हता. विहार १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये, तानसा १८९२ मध्ये असे पाणी वाढत गेले आणि गटारे मात्र मागे राहिली. मांडवीच्या गल्ल्या बारमास ओल्या असत. नगररचनेतील कितीतरी चुका अशाच असतात. एक चांगली गोष्ट करायची आणि तिची दुसरी बाजू पुढच्या पिढीवर सोडायची. वसईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात दिवसेंदिवस पाणी तुंबून रेल्वे बंद पडली, तेव्हा इमारती आधी आणि पाण्याच्या वाटा मागाहून, हा तोच हिशोब त्यांनी आपल्या उंबरठ्यावर मांडलेला पाहिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील काही रोग्यांना डॉ. व्हिएगस यांनी तपासले. तीव्र ताप, ग्लानी, जांघेत आलेली गाठ. गाठीच्या तापाने लोक दगावत आहेत ही कुजबुज मोहल्ल्यात होतीच. वखारींत उंदीर मरून पडत आहेत असेही बोलले जाई. हाँगकाँगमध्ये १८९४ साली ग्रंथिक सन्निपाताने हाहाकार माजवला होता आणि तिथेच येर्सिन या शास्त्रज्ञाने रोगाचे जंतू शोधले होते. डॉक्टरांनी दोन आणि दोन चार केले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी स्थायी समितीच्या बैठकीत सांगून टाकले की मुंबईत प्लेग आला आहे.

या एका वाक्याला किती धैर्य लागले असेल याची कल्पना आज येणे कठीण आहे. मुंबई म्हणजे बंदर, आणि बंदर म्हणजे विश्वास. प्लेगचे नाव निघाले की युरोपातील बंदरे मुंबईच्या जहाजांना दार बंद करणार, कापूस पडून राहणार, यात्रेकरूंची हजला जाणारी जहाजे अडणार. आणि पुढे झालेही तसेच. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती याच भीतीपोटी. तेव्हा हा साधा गाठीचा ताप आहे, उगाच घबराट पसरवू नका, असे म्हणणारे कमी नव्हते. पण डॉक्टरांचे निदान तज्ज्ञांकडून पुन्हा पुन्हा तपासून घेण्यात आले आणि ते खरे ठरले. कलकत्त्याहून ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या दंडात टोचून घेतली. पुढे माझगावात आगाखान यांनी त्यांच्या कामासाठी आपला बंगला दिला आणि आपल्या अनुयायांना धीर यावा म्हणून स्वतः लस टोचून घेतली. १८९९ मध्ये हे काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेले. ही इमारत मुळात येशूसंघीयांचा मठ. १७२० च्या सुमारास इंग्रजांनी ती ताब्यात घेतली होती. मठाच्या जागेतून लस बाहेर पडली, हा योग आमच्या वाचकांना आवडेल.

डॉ. व्हिएगस यांनी स्वतःच्या हातांनी सुमारे १८,००० लोकांना लस टोचली असे सांगितले जाते. हा आकडा वाचताना आम्ही थबकलो. अठरा हजार दंड म्हणजे अठरा हजार समजुती. सुई म्हणजे सरकारचा कावा, तिने पुरुषत्व जाते, धर्म बाटतो अशा अफवा गल्लोगल्ली होत्या. त्या दूर करायला हुकूम पुरत नाही, ओळखीचा माणूस लागतो. ज्याने आधीच्या पावसाळ्यात मुलाचा ताप उतरवला तोच दारात आला तर माणूस बाही वर करतो.

दुर्दैवाने सरकारला ओळखीच्या माणसाची किंमत उशिरा कळली. नगरपालिकेचे आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबरच्या आरंभी जाहीरनामा काढला. त्यान्वये अधिकाऱ्यांना कोणत्याही घरात शिरण्याचा, ते धुऊन काढण्याचा आणि रोग्याला त्याच्या इच्छेविरुद्धही इस्पितळात नेण्याचा अधिकार मिळाला. घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ अशी तीन अक्षरे रंगवली जाऊ लागली. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. ऊन-वारा आत यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले त्याला ते ऊन आरोग्यदायी वाटले असेल का? २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. त्यानंतर हुकूम थोडे सैल झाले. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली, आणि कारभार नगरपालिकेच्या हातून निघून लष्करी शिस्तीत गेला. पुण्यात रँडच्या कमिटीने काय केले आणि २२ जून १८९७ रोजी काय घडले, हे महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच वर्षीच्या १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी रोग्याच्या तपासणीवरून दंगल पेटली. तेव्हा कुठे राज्यकर्त्यांना उमगले की माणसांना त्यांच्या माणसांतून ओढून काढले तर ती रोग लपवतात, प्रेते लपवतात.

मग एक निराळी गोष्ट घडली. आम्हांला ती त्या काळातील सर्वांत बोधप्रद वाटते, पण इतिहासाच्या शालेय पुस्तकांत ती सहसा येत नाही. जैन, पारशी, खोजा, मेमन, भाटिया अशा एकेका समाजाने स्वतःची प्लेग इस्पितळे उघडली. स्वयंपाक आपल्या रीतीचा, सोबतीला आपली माणसे, मृत्यूनंतरचे संस्कार आपल्या धर्माचे. या इस्पितळांत लोक आपणहून जाऊ लागले. डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या धर्मभगिनींनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, तीही जातपात न विचारता. जातवार इस्पितळे ही काही आदर्श व्यवस्था म्हणता येणार नाही. आजच्या कसोटीवर ती टिकणारही नाही. पण शहराचा कारभार वस्तीच्या अंगभूत रचनेला टाळून चालत नाही, तिच्यामधून चालतो, हे त्यातून दिसले. लष्कराला जे जमले नाही ते मोहल्ल्याच्या पंचांना जमले.

मुंबई त्या काळात ओस पडली होती. पहिल्या हिवाळ्यात निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. वाढणारे शहर दहा वर्षांत मागे आले. देशभर ही साथ पुढे दोन दशके धुमसत राहिली आणि एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. ज्यांना आपल्या धर्मग्रामाची जुनी मृत्युनोंदवही पाहण्याची संधी मिळेल त्यांनी १८९७ नंतरची पाने अवश्य उलटावीत. आणि नोंदवही मिळाली नाही तर बांद्र्याला जावे. पाली, रानवार, चुईम, शेर्ली, राजन या गावठाणांतून फिरताना वळणावळणावर क्रूस भेटतात. पुष्कळांच्या पायथ्याशी त्याच दशकातील सने कोरलेली आहेत. गिरगावात खोताच्या वाडीतले चिमुकले प्रार्थनास्थळ १८९९ चे. मे महिन्यात, मारियेच्या महिन्यात, संध्याकाळी शेजारी या क्रूसांपाशी जमतात, जपमाळ होते, लितानी गायिली जाते आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. मुलांचे लक्ष लितानीपेक्षा चण्यांकडे अधिक असते, आमचेही असे. नगररचनाकाराच्या नकाशात हा क्रूस म्हणजे वाहतुकीला अडथळा करणारा एक ठिपका. गावठाणाच्या दृष्टीने तो संध्याकाळचे सभागृह आहे. कोण आजारी आहे, कुणाचे पोर परदेशी निघाले, कुणाची विहीर आटली, याची खबर तिथेच मिळते.

आता आखणीकडे वळू. प्लेगने मुंबईच्या राज्यकर्त्यांना एक धडा दिला, तो असा की शहर दाटीने आजारी पडते. १८९८ साली, लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर असताना, शहर सुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला. नगरपालिकेत घरमालकांचे वजन फार, त्यांच्या हातून दाट वस्त्या मोडल्या जाणार नाहीत, म्हणून वेगळे मंडळ काढले. हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता. पण त्यामुळे शहर मोडण्या-बांधण्याचा अधिकार अशा मंडळाकडे गेला की ज्यात लोकांनी निवडलेले सभासद अल्पसंख्य होते. नगरपित्याने गटारावर बोलावे, रस्ता मात्र ट्रस्टने आखावा, अशी ही वाटणी होती. मुंबईत आजही योजना एका प्राधिकरणाची, रस्ता दुसऱ्याचा, नाला तिसऱ्याचा आणि शिव्या खाणारा नगरसेवक चौथा, हे चित्र आपण पाहतो. त्याचे मूळ तिथे आहे.

ट्रस्टने पुष्कळ चांगले केले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत रुंद रस्ते, बागा आणि भरपूर हवा असलेल्या वसाहती उठल्या. त्यांचा आराखडा आजही डोळ्यांना सुख देतो. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी दोन इमारतींत किती अंतर असावे म्हणजे तळमजल्याच्या खोलीत उजेड येईल याचे भूमितीचे गणित मांडले. साडेत्रेसष्ट अंशांचा तो नियम. तळमजल्यावर राहणाऱ्याच्या उजेडाचा विचार करणारा अधिकारी आम्हांला आदरणीय वाटतो. पण दाट वस्तीत ट्रस्टने जे केले त्याचा ताळेबंद उलटा आहे. नागपाडा, मांडवीच्या लगतचा भाग, सँडहर्स्ट रोडची ओळ इथे घरे भराभर पाडली गेली आणि नवी घरे सावकाश आली. जी आली त्यांचे भाडे पाडलेल्या खोलीच्या भाड्याहून अधिक. उठवलेली माणसे शेजारच्याच गल्लीत जाऊन कोंबली गेली. एका गल्लीची दाटी दुसऱ्या गल्लीत ढकलणे यालाच सुधारणा म्हटले गेले. गंमत अशी की पाडापाडीमागचे शास्त्रही तेव्हा अर्धवट होते. दमट जमीन आणि कुबट हवा प्लेग पसरवते असा समज होता. उंदरांवरील पिसू हा खरा दुवा आहे, असे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. उलट मांडवीचे डॉक्टर आरंभापासून दोन गोष्टींच्या मागे लागले होते. वस्ती स्वच्छ करा आणि उंदीर मारा. घरे पाडा हे त्यांच्या मोहिमेचे पहिले कलम नव्हते.

या साऱ्यात आमच्या समाजाला ज्याने चटका लावला तो रस्ता म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा शामळदास गांधी मार्ग. कल्पना रम्य होती. बॅक बेची समुद्राची झुळूक थेट शहराच्या गुदमरलेल्या पोटात न्यायची. त्यासाठी समुद्राच्या बाजूने आत सरळ रेघ मारायची. त्या रेघेच्या वाटेवर कावेल हे गाव होते. कावेल हे मुंबईच्या अगदी जुन्या ख्रिस्ती वस्त्यांपैकी एक. कोळीवाडा या शब्दावरूनच कावेल झाले असे जुने लेखक सांगतात. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या कोळ्यांची ही वाडी. पुढे तिथे ईस्ट इंडियन आणि गोमंतकीय कुटुंबे मिसळली, आणि १७९४ मध्ये आरोग्यमातेचे चर्च उभे राहिले. सजा, लाकडी कठडे, दारापुढे बाक, मागे विहीर, अशी घरे. झुळूक आत आली. कावेल मात्र दुभंगले. ज्यांची घरे गेली त्यांना मोबदला मिळाला असेल, पण मोबदल्याच्या पैशांत शेजार विकत मिळत नाही. कुटुंबे गिरगावात, माझगावात, मग बांद्र्याला आणि पुढे आणखी उत्तरेकडे पांगली. व्यापाऱ्यांच्या पेढ्या पुढे सरकत आल्या.

आणि त्या उरलेल्या कावेलच्या गल्लीला पुढे नाव देण्यात आले, ‘डॉ. व्हिएगस स्ट्रीट’. आरोग्यमातेच्या चर्चचा पत्ता आज तोच आहे. साथीतून शहराला जागे करणाऱ्या कॅथलिक नगरपित्याचे नाव, साथीनंतरच्या सुधारणेने तोडलेल्या कॅथलिक गावाच्या तुकड्याला! हे कुणी ठरवून केले नसेल. डॉक्टर पुढे नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती. १९३३ साली ते वारले, आणि त्याच साली सुधार ट्रस्टही नगरपालिकेत विलीन झाला.

अध्यक्षपदाचा विषय निघाला म्हणून आणखी एका नगरपित्याचे स्मरण करू. माझगावच्या म्हातारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेले बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा, लोकमान्य टिळकांचे स्नेही, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, सर्वांचे काका. त्यांचे घराणे मूळचे उत्तनचे. १९२५ मध्ये ते नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. ‘महापौर’ ही पदवी १९३१ मध्ये आली, त्यामुळे त्यांना महापौर म्हणणे कागदोपत्री बरोबर नाही; पण लोक म्हणतात आणि आम्हीही म्हणू. डॉ. व्हिएगस दवाखान्यातून सभागृहात आले, काका कामगारांच्या सभांतून आणि न्यायालयातून. दोघांनाही आपल्या पाखाडीचा, आपल्या वॉर्डाचा वास अंगाला होता. माझगावच्या भंडारवाडा जलाशयावरील उद्यान काकांच्या नावाचे आहे. तिथून बंदर दिसते आणि जरा मान वळवली तर म्हातारपाखाडीची कौले दिसतात, म्हणजे जी उरली आहेत ती.

आमच्या समाजाने मात्र केवळ रडगाणे गायिले नाही. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की एखाद्या भागातील साऱ्या जमिनी एकत्र मांडायच्या, रस्ते-बागांपुरती जागा काढून घ्यायची आणि उरलेली सुबक भूखंडांत मूळ मालकांनाच परत द्यायची. पाडून टाकण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य. त्याच वर्षी गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. तो कित्ता गिरवून १९१८ मध्ये बांद्र्यात साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. बांद्रा आणि सांताक्रूझला भातखाचरांच्या जागी बैठी-दुमजली घरे, पुढे बाग, मागे फणस-आंबा, आणि रस्त्यांना संतांची नावे. सांताक्रूझच्या वसाहतीला त्या वेळच्या गव्हर्नरांचे, विलिंग्डन यांचे नाव. कारकून, शिक्षक, तारमास्तर अशा मध्यम मिळकतीच्या माणसांनी हप्त्याहप्त्याने घर उभे केले. सहकार म्हणजे साखर कारखाना एवढेच आपल्याला ठाऊक. पण आपल्या आजोबा-पणजोबांनी सहकारातून रस्ते आखले होते हे मुलांना सांगायला हवे. यात एक उणीव होती, तीही सांगतो. वसाहत वर्गणीदारांची होती, ज्याच्यापाशी हप्ता नव्हता तो गावठाणातच राहिला. धोबीतलावच्या कुडांतून एकेका पेटीपुरती जागा घेऊन राहणारे गोमंतकीय खलाशी आणि स्वयंपाकी तर या नकाशात कुठेच नव्हते.

याच सुमारास स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात गावोगाव हिंडून अहवाल लिहीत होते. १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापकही होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आधी गल्लीतून पायी फिरा, प्रत्येक घर, झाड, विहीर, देऊळ पाहा, मग जिथे अगदीच निरुपाय आहे तिथे दोन पडकी घरे काढा आणि त्या मोकळ्या जागेत एक झाड लावा. गाव कापू नका, हलक्या हाताने त्याची शस्त्रक्रिया करा. ऑर यांच्या भूमितीपेक्षा ही दृष्टी वैद्याची होती. डॉ. व्हिएगस आणि गेडिस यांची कधी भेट झाली का ते राहू द्या, पण रोग्याच्या खाटेपाशी बसून निदान करण्याची सवय दोघांची एकच.

ही दृष्टी मुंबईच्या कारभारात रुजली नाही. १९५० मध्ये बांद्रा-अंधेरीकडची उपनगरे आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची गावे बृहन्मुंबईत आली; शेतकऱ्यांची आणि मिठागरांची गावे एका सहीने शहर झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेण्यास सांगितले. या दोन महिन्यांत एक गोष्ट घडली. धर्मग्रामांच्या सभागृहांत जमिनीवर नकाशे पसरले गेले, निवृत्त ड्राफ्ट्समन चष्मा लावून वाकले, आणि आयाबाया बोट ठेवून सांगू लागल्या की इथे शाळा आहे, मैदान नव्हे. ही आमची पाखाडी आहे, इथून रस्ता जाईल तर पास्कूचे घर जाईल. शहराच्या कागदावर इतक्या निकटून बोट ठेवणारे लोक आम्ही तोवर पाहिले नव्हते. सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. मधल्या काळात, २०१७ साली, बांद्र्याच्या बाजार रोडवरील एक जुना क्रूस पालिकेच्या हातोड्याखाली गेलाच.

त्यानंतर मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ देशातील या सर्वांत श्रीमंत पालिकेत एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकांनी कारभार पाहिला. वसई-विरारकरांच्या वाट्याला हा काळ त्याहून लांब आला. नळाला पाणी येत होते, कचऱ्याच्या गाड्या फिरत होत्या, रस्तेही खोदले जात होते. पण गल्लीत गाठीचा ताप दिसला तर उठून स्थायी समितीत सांगणार कोण, तर कुणीच नाही, कारण स्थायी समितीच नव्हती.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही कावेलला आरोग्यमातेच्या चर्चमध्ये मिस्साला गेलो होतो. बाकांवर माणसे विरळ होती. पुष्कळ जण दूरच्या उपनगरांतून, केवळ बाप्तिस्मा इथे झाला होता म्हणून आलेले. मिस्सा आटोपल्यावर एका वयस्क बाईंना आम्ही विचारले, ही गल्ली ज्यांच्या नावाची ते व्हिएगस कोण? त्या म्हणाल्या, “डॉक्टर होते. माझी आजी सांगायची, ते घरी यायचे.”